आजोबा रस्त्यावर होते

चष्मेवाल्यांनी आत्याच्या नाकावरचा चष्मा उतरवला, डाव्या काडीचा स्क्रू अर्धा फेरा पिळला आणि चष्मा पुन्हा तिच्या कानांवर बसवला. मग मान मागे घेऊन नीट पाहिलं. चष्मा सरळ होता. मघाशीही सरळच होता.

"झालं की रे," आत्या म्हणाली. "किती वेळ माझं नाक धरून बसणार आहेस?"

गाडी गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. काचेतून पलीकडे मंडळी जमताना दिसत होती. कुणी बुटांच्या नाड्या आवळत होतं, कुणी थर्मास उघडून चहाचा पहिला घोट घेत होतं. दाताचे डॉक्टर नेहमीसारखे मधोमध उभे राहून काहीतरी सांगत होते आणि भोवतीची माणसं हसत होती. चष्मेवाल्यांनी छोटा पेचकस खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला.

"मी काय म्हणतो आत्या, तू गाडीतच थांब. पुढे सगळं झाडझुडूप आहे. तुझं ऑपरेशन ताजं. डोळ्यात काही गेलं तर निस्तरायचं कुणी?"

"तूच. एवढं दुकान कशाला थाटलंयस?"

"कंटाळशील गं. नुसतं चालायचं आणि काँक्रीटचे तुकडे बघायचे."

"पिल्या," आत्या म्हणाली, "माझा जन्म तिथला. मी कंटाळेन?"

आणि तिने स्वतःच दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

साठीकडे झुकलेल्या, पोट सुटलेल्या, भर बाजारात स्वतःचं दुकान असलेल्या गृहस्थाला पिल्या म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं. ते नेमकं आज, नेमकं इथे यायला नको होतं.

सगळा घोळ त्या मोतीबिंदूने केला. आत्या एरवी लेकीकडे, दुसऱ्या गावी राहायची. डोळ्यांसाठी म्हणून ती भाच्याकडे आली, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि एके सकाळी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ती आनंदाने ओरडली, "पिल्या, माझे डोळे आले रे!" साथ आली की काय म्हणून दोन बायका तोंडाला रुमाल लावून मागे सरकल्या. चष्मेवाल्यांना सगळ्यांना समजावून सांगावं लागलं की आले म्हणजे परत आले, लाल होऊन नव्हे. तोवर आत्याचं पुढचं वाक्य तयार होतं. "आता मला एकदा बाबांच्या नाक्यावर ने. मिटायच्या आधी बघून घेते."

नेतो, सवडीने नेतो, असं म्हणत त्यांनी चार दिवस ढकलले. पण आत्या सोमवारी परत जायची होती, आणि शनिवारी जेवताना बायको म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही सगळे जाताच आहात की तिकडे. आत्यांना घेऊन जा." बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती या फिरण्याला कधी आली नव्हती; काटे आणि इतिहास दोन्ही तिला टोचत. चष्मेवाल्यांनी घास तोंडात तसाच धरून मान हलवली, आणि आत्याने ती होकाराची धरली.

खोटं असं ते कधी बोललेच नव्हते. म्हणजे त्यांनी स्वतःला आजवर तसंच समजावलं होतं. जुन्या मोटार-सडकेचे तुकडे हुडकत फिरायचा नाद त्यांना पहिल्यापासून होता. मग दोघेचौघे बरोबर यायला लागले, त्यात एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. पहिल्याच फेरीत बाईंनी विचारलं, "तुम्हाला एवढं सगळं कसं हो माहीत?" चष्मेवाले म्हणाले, "आमचे आजोबा या रस्त्यावर होते."

आता हे अगदी खरं होतं. वडील पोस्टात होते, काका रेल्वेत होते, मामा कचेरीत होते, असं माणसं म्हणतच असतात. पोस्टात म्हणजे पत्रं वाटत होते की पोस्टमास्तर होते, हे ऐकणाऱ्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवायचं. न्यायाधीशबाईंचा मगदूर मोठा. त्या म्हणाल्या, "इंजिनिअर?"

चष्मेवाले त्या वेळी स्वतःच्या चष्म्याची काच पुसत होते. ते पुसत राहिले.

पुढच्या रविवारी बाईंनी नव्या माणसांना ओळख करून दिली. "यांचे आजोबा म्हणजे या रस्त्याचे इंजिनिअर." तेव्हा म्हणता आलं असतं, अहो नाही, ते नाक्यावर होते, दांडा उचलायचे. पण तेवढ्यात कुणीतरी पुढची फांदी बाजूला धरली आणि म्हणालं, "या सर, तुम्ही पुढे व्हा." सर! ज्यांच्या चष्म्यांच्या काड्या आठवडाभर सरळ करून द्यायच्या, ती डॉक्टर, वकील, प्राध्यापक माणसं रविवारी त्यांच्या मागून चालायची, ते थांबले की थांबायची. तो इंजिनिअर काढून घेतला असता तर मागे उरलं असतं काय? एक दुकानदार, ज्याचं शिक्षण अर्धवट राहिलं. म्हणून त्यांनी तो राहू दिला. याची त्यांना लाज वाटायची, नाही असं नाही. पण ती रविवारची लाज होती. सोमवारी दुकानाचं शटर वर केलं की ती कुठेतरी जायची आणि पुढच्या रविवारपर्यंत फिरकायची नाही. आज मात्र ती गाडीतून उतरून, हातात काठी घेऊन, त्यांच्याआधी चार पावलं चालायला लागली होती.

"या या सर! आज कुणाला आणलंत?" न्यायाधीशबाई पुढे आल्या.

"ही माझी आत्या. पाहुणी आलीय."

"आत्या म्हणजे वडिलांची बहीण." बाईंनी कोर्टात साक्ष तपासावी तसं मनातल्या मनात नातं तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे इंजिनिअरसाहेबांच्या कन्या! अहो, ऐकलंत का सगळ्यांनी? मग आज आपल्याला सरांची गरजच काय?"

सगळे वळले. दाताच्या डॉक्टरांनी टोपी काढली. एका नव्या मुलीने, ती वास्तुकला शिकत होती, चटकन वाकून आत्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

आत्याने न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं. चष्म्याची काच त्यांनीच निवडली होती, दुकानातली सगळ्यांत चांगली. तिच्यातून तिला सगळं स्वच्छ दिसत असणार. चष्मेवाल्यांनी नजर आपल्या बुटांवर नेली.

"मी लहान होते हो तेव्हा," आत्या म्हणाली. "मला काय आठवणार?"

लोकांनी ते हो म्हणूनच घेतलं. त्यात इंजिनिअर नव्हता आणि नाकेदारही नव्हता. घराण्याचीच ही हातोटी असावी. चष्मेवाल्यांना आधी हायसं वाटलं. असं हायसं वाटल्याची लाज मागाहून आली, आणि आली ती ठाण मांडून बसली.

मंडळी निघाली. पहिला तुकडा गोदामांच्या कुंपणाला लागूनच होता. गवत पायाने बाजूला केलं की खाली राखाडी काँक्रीट दिसायचं, मधे फुटलेलं, भेगांतून झुडपं वर आलेली. एका हौशी गिरणीमालकाने हा रस्ता खास मोटारींसाठी बांधला होता. घोडागाड्या नकोत, गुरं नकोत, धूळ नको. पैसे भरा, दांडा वर जाईल, मग सुसाट सुटा. जिथे गावातली वाट आडवी यायची तिथे वरून पूल. वळणांवर रस्त्याची बाहेरची कड उंच, म्हणजे वेगात गाडी कलंडू नये. त्या काळी लोक ते बघायला दुरून यायचे. मग सरकारने शेजारून फुकटचा रस्ता काढला आणि याच्यावर कुत्रं फिरकेना.

हे सगळं चष्मेवाल्यांना तोंडपाठ होतं आणि ते सांगतही होते, पण आज आवाजाला चढ येत नव्हता. वाक्याच्या मधेच ते मागे बघायचे. आत्या त्या मुलीचा हात धरून येत होती आणि मुलगी तिला काहीतरी विचारत होती. काय विचारत होती ते ऐकू येत नव्हतं.

गोदामं संपल्यावर घरांची मागची आवारं लागली. रस्ता आता तुकड्यातुकड्यांनी माणसांच्या मालकीचा झाला होता. एकाने त्याच्यावर कोंबड्यांची खोली बांधली होती, एकाची जुनी गाडी चाकं काढून विटांवर उभी होती. वळणावरचे काँक्रीटचे खांब मात्र शाबूत होते. पूर्वी त्यांच्या भोकांतून जाड तार ओवलेली असायची, गाडी खाली घसरू नये म्हणून. आता दोन खांबांच्या मधे कपडे वाळत होते. एक बाई चादर झटकता झटकता म्हणाली, "आले का परत? काय सापडत नाही अजून?"

"सापडलंय, आता फक्त बघायला येतो," डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हसले.

पुलाशी मंडळी पांगली. पूल म्हणजे खालच्या पायवाटेवरची एक बुटकी कमान, वर दोन्ही बाजूंना कठडे. नवी मुलगी कमानीचा फोटो काढायला खाली उतरली, तिच्या पाठोपाठ डॉक्टर, मग बाकीचे. न्यायाधीशबाई उतारावर जपून पाय टाकत गेल्या. आत्या कठड्याला टेकून उभी राहिली. चष्मेवाले तिच्याजवळ आले. आता बोलणं भाग होतं.

"इंजिनिअर कधी झाले रे बाबा?" आत्यानेच विचारलं. आवाज हळू होता.

"आत्या, ते… आपोआप झालं."

"आपोआप माणूस फार तर म्हातारा होतो."

"मी म्हटलं नव्हतं तसं. त्यांनी धरून घेतलं. मग राहून गेलं."

"आणि नाकेदार म्हणायला तोंड दुखत होतं का तुझं?"

चष्मेवाल्यांनी कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं. या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते आत्याला सांगण्यासारखं नव्हतं. दुखत होतं. पहिल्या दिवशीच दुखलं होतं. पोरवयात शाळेत त्यांना दांडेवाल्याचा नातू म्हणायचे, तेव्हापासून दुखत होतं.

"ऊन असो, पाऊस असो, हॉर्न वाजला की बाबा उठायचे," आत्या म्हणाली. "ताटावरून उठायचे. आई चिडायची. म्हणायची, त्या मोटारींशीच लग्न लावायचं होतं. बाबा म्हणायचे, अगं, माणूस खोळंबलंय तिकडे." ती थोडं हसली. "मोटारीतल्या लोकांना ते माणूस म्हणायचे बघ. साहेब कधी नाही म्हणायचे."

"मी सांगणार होतो गं त्यांना. कितीदा ठरवलं."

"सांग की मग."

"आता कसं सांगू? इतकी वर्षं झाली. काय म्हणतील?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. रागाला पाठ तरी फिरवता येते. तिने त्यांच्या कॉलरवरचं एक वाळकं पान उचलून टाकलं.

"बरं," ती म्हणाली. "मी नाही बोलायची काही. तुझी मंडळी आहेत, तुझा मान आहे. मी काय, उद्या जाणार. मला तेवढं घराचं दार दाखव, म्हणजे झालं."

खालून डॉक्टरांनी कमानीत तोंड घालून "ओ" केलं आणि कमानीने त्यांना उलटून "ओ" केलं. चष्मेवाल्यांना वाटलं, आपण इथून खाली उडी मारली तरी पायच मुरगळेल, तेवढीच उंची आहे.

नाक्याचं घर पुलापासून जवळच होतं. घर म्हणजे आता कमरेइतक्या तीन भिंती, चुलाण्याची काळी पडलेली जागा आणि समोर दगडी उंबरठा. दाराला दार नव्हतं. रस्त्याच्या कडेला एका ठोकळ्यात लोखंडी बिजागरीचा गंजका तुकडा होता. दांडा त्याच्यावर फिरायचा. आत झाडं वाढली होती. मंडळींनी सवयीने आपापल्या जागा घेतल्या, कारण दर वेळी चहा इथेच व्हायचा. थर्मास उघडले.

आत्या उंबरठ्याशी जाऊन थांबली. आत गेली नाही. वाकून तिने तळहात दगडावर ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तिथेच हळूहळू टेकली.

"सर, इथे कोण राहायचं?" नव्या मुलीने विचारलं.

"नाकेदार राहायचा," चष्मेवाले म्हणाले. "बायकापोरांसकट राहायचा. मागे एवढी एकच खोली. गाडी आली की धावत यायचा, पैसे घ्यायचा, दांडा उचलायचा, सलाम ठोकायचा…"

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं, ओघात यायचं आणि निघून जायचं. आज त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी स्वतः ऐकला. राहायचा, यायचा, घ्यायचा. त्यांनी वाक्य तिथेच तोडलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"सर, ती फेसाची गोष्ट!" डॉक्टर म्हणाले. "ही नवीन आहे, हिला माहीत नाही."

"आज नको. उशीर होतोय."

"असं कसं? फेसाच्या गोष्टीशिवाय नाका कसला! थांबा, मी सांगतो. मला पाठ आहे." डॉक्टरांनी चहाचा पेला भिंतीवर ठेवला आणि टोपी उलटी करून डोक्यावर चढवली. "तर एकदा काय झालं, नाकेदार आपला दाढी करत बसलेला. अर्ध्या तोंडाला फेस. तेवढ्यात हॉर्न! कोण आलंय? खुद्द गिरणीमालक! नाकेदाराची ही तारांबळ. टोपी उलटी, एका हातात ब्रश. तसाच धावला आणि त्याच हाताने ठोकला सलाम. फेसाचा गोळा उडाला तो थेट मालकाच्या काचेवर! मालक म्हणतो, काय रे हे? तर हा काय म्हणतो," डॉक्टरांनी डोळे फिरवले, जबडा वेडावाकडा केला, "सा… सा… सायेब… सा… साबण!"

सगळे खो खो हसले. नवी मुलगीही हसली. न्यायाधीशबाईंनी डोळ्यांतलं पाणी टिपलं, जरी त्यांनी ही गोष्ट कितीतरी वेळा ऐकली होती.

गोष्ट खरी होती. चष्मेवाल्यांच्या वडिलांनी ती त्यांना लहानपणी सांगितली होती, आणि ती सांगताना वडिलांचा चेहरा मऊ व्हायचा. त्यात फेस होता, ब्रश होता, आणि शेवटी मालक गाडीतून उतरून म्हणाला होता की आधी दाढी पुरी करा, मला घाई नाही. तो शेवट एका रविवारी सांगायचा राहिला. उलटी टोपी दुसऱ्या रविवारी आली. तोतरेपणा चष्मेवाल्यांनी पदरचा घातला. घातला, लोक हसले, म्हणून तो मग कायमचा झाला. लोकांचं हसू त्या वेळी किती गोड लागलं होतं तेही त्यांना आठवलं, आणि तोंड कडू पडलं.

आत्याही हसत होती. परक्याच्या घरी आपल्याला न कळलेल्या विनोदाला पाहुण्याने हसावं, तेवढंच.

"तोतरा होता का तो?" तिने विचारलं.

"कोण, नाकेदार?" डॉक्टरांनी टोपी सरळ केली. "ते सरांना विचारा. ही सगळी माहिती तुमच्याच घरची."

मंडळी चष्मेवाल्यांकडे बघू लागली. आत्याही उंबरठ्यावरून वर बघत होती.

"आणि माणूस कसा होता रे?" ती म्हणाली. "बरा होता का?"

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर हिच्या तोंडून बाबा आले, बाबा म्हणाले, बाबा गेले एवढंच ऐकलं होतं. तिची आई कधी रागाच्या भरात "तुझा बाप" म्हणाली तरी ही पोर जेवण टाकून उठायची, असं वडील सांगायचे. त्या बाईने आज, ज्या घरात ती जन्मली त्याच्याच दारात बसून, आपल्या बापाला तो म्हटलं. भाच्याचा मान राहावा म्हणून म्हटलं, आणि किती सहज म्हटलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण रविवारमागून रविवार इथे उभं राहून काय केलं, ते त्यांना तिच्या त्या एका शब्दात दिसलं.

"तोतरे नव्हते," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "तोतरे नव्हते ते. ते मी उगाच घातलं. चांगले होते. फार चांगले होते."

मग न्यायाधीशबाईंनी कौतुकाने मान डोलावली.

"बघा," त्या बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "याला म्हणतात संस्कार. साधा नाक्यावरचा माणूस, पण सरांच्या तोंडी अहो-जाहो. आपण सगळे अरे-तुरे करतो आणि खुशाल हसतो. इंजिनिअरसाहेबांच्या घरातलं वळण आहे हे."

"खरंय," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मीसुद्धा जरा जास्तच केलं. चुकलंच."

"मोठ्या घरची माणसं अशीच असतात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि नव्या मुलीने चष्मेवाल्यांकडे अशा आदराने पाहिलं की त्यांना तोंड लपवायला जागा हवीशी झाली. जे कबूल करायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं होतं, त्याचाही मानच झाला होता. मघापेक्षा मोठा. इथे गप्प बसलं तर तो वाढतच जाणार होता; पुढच्या रविवारी बाई ही गोष्टसुद्धा सांगणार, सर नाकेदारालाही कसे अहो म्हणाले ती. आणि गप्प बसणं किती सोपं होतं. खिशातून रुमाल काढायचा आणि काच पुसायला लागायची.

चष्मेवाल्यांचा हात खिशाकडे गेलाही.

आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती उंबरठ्याच्या सांध्यातलं गवत उपटत होती, एकेक काडी, सावकाश, आणि उपटलेलं बाजूला नीट ठेवत होती. ती काही बोलणार नव्हती. तिने तसा शब्द दिला होता आणि ती पाळणारी होती. इथून उठून, गाडीत बसून, उद्या लेकीकडे जाईपर्यंत ती काही बोलली नसती, आणि तिकडे गेल्यावरही नाही.

"ते माझे आजोबा होते," चष्मेवाले म्हणाले.

आवाज फुटला तो इतका बारीक, की त्यांना स्वतःलाच तो जेमतेम ऐकू आला. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक जात होता. डॉक्टर पेल्यात चहा ओतत होते, मागे कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडत होतं.

"काय म्हणालात, सर?" न्यायाधीशबाईंनी कानामागे हात नेला.

चष्मेवाल्यांनी ओठ ओले केले. त्यांनी एक हात त्या कमरेइतक्या भिंतीवर टेकवला. बाई वाट बघत होत्या. चेहऱ्यावर अजून तेच कौतुक होतं.

आत्याच्या हातातली काडी तशीच राहिली. तिने वर पाहिलं नाही.

"मोठ्याने सांग, पिल्या," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."